सेलच्या पोटात डोकावताना: घरगुती बॅटऱ्यांच्या क्ष-किरण प्रतिमा कशा घ्याव्यात आणि कशा वाचाव्यात

घाटकोपर किंवा अंधेरीच्या मेट्रो स्थानकात शिरताना आपली पिशवी ज्या पट्ट्यावरून यंत्रात जाते, त्या यंत्राचा पडदा कधी नजरेस पडला असेल, तर डब्यातली पोळीभाजी नारिंगी आणि किल्ल्यांचा जुडगा निळा दिसल्याचे आठवत असेल. ते रंग वस्तूंचे स्वतःचे नसतात. दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांपैकी कोणते किती अडले, याचा हिशेब करून संगणकाने ते भरलेले असतात. त्याच पिशवीतल्या पॉवर बँकेत ओळीने ठेवलेले गोल सेलही तेथे स्पष्ट दिसतात, पण त्या सेलच्या आत काय आहे हे मात्र दिसत नाही. ते पाहण्यासाठी बारीक केंद्राचा किरणस्रोत, जवळून घेतलेली प्रतिमा आणि थोडा संयम लागतो. सर्किट बोर्डांवरील डाख तपासण्याच्या यंत्रावर मी काही वर्षे काम केले आहे आणि मोकळ्या वेळात त्याच यंत्राखाली भिंतीवरच्या घड्याळापासून लॅपटॉपपर्यंतचे सेल ठेवून पाहिले आहेत. हे काम शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि दुरुस्ती करणाऱ्यांसाठी त्या अनुभवातून पुढील मांडणी केली आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी, ती म्हणजे क्ष-किरण प्रतिमा ही सावली असते. किरणांच्या वाटेत जे जे आले त्या सर्वांच्या शोषणाची बेरीज एका सपाट चित्रात उमटते. शोषण पदार्थाच्या घनतेवर आणि त्याहून कितीतरी अधिक अणुक्रमांकावर अवलंबून असते. कमी ऊर्जेच्या किरणांसाठी ते अणुक्रमांकाच्या साधारण तिसऱ्या ते चौथ्या घाताप्रमाणे वाढते. लिथियमचा अणुक्रमांक ३, कार्बनचा ६, ॲल्युमिनियमचा १३, मँगनीजचा २५, लोखंडाचा २६, कोबाल्टचा २७, निकेलचा २८, तांब्याचा २९ आणि जस्ताचा ३० आहे. एवढी यादी डोळ्यासमोर ठेवली की कोणत्याही सेलच्या प्रतिमेत काय उठून दिसेल आणि काय जवळजवळ नाहीसे होईल, हे यंत्र सुरू करण्यापूर्वीच सांगता येते. लिथियम-आयन सेलमध्ये निकेल-कोबाल्ट असलेला धन इलेक्ट्रोड आणि तांब्याची पातळ पट्टी दिसते, ग्राफाइट फिकट दिसते, प्लॅस्टिकचा विभाजक पडदा दिसत नाही आणि ज्याच्या नावाने तो सेल ओळखला जातो ते लिथियम तर अजिबात दिसत नाही. शिशाचा अणुक्रमांक ८२ असल्याने इन्व्हर्टरची बॅटरी या यंत्राखाली ठेवण्यात काही अर्थ नाही, पडद्यावर केवळ काळा ठोकळा दिसेल.

यंत्र कोठे आणि परवानगी कोणाची

निर्वात नळ्या आणि उच्च दाबाचे ट्रान्सफॉर्मर जोडून घरच्या घरी क्ष-किरण निर्माण करण्याचे प्रयोग काही जण करतात. ते करू नयेत, असे मी कळकळीने सांगतो. अशा मांडणीत किरणांची मात्रा मोजलेली नसते, दिशा बांधलेली नसते आणि मुंबईच्या चाळीत किंवा सदनिकेत भिंतीपलीकडे दुसऱ्याचे घर असते. भारतात क्ष-किरण यंत्र बसवण्यासाठी आणि चालवण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. हे मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले, त्याचे मुख्यालय आपल्याच अणुशक्तीनगरात आहे, आणि परवानगीचे अर्ज ‘ई-लोरा’ या त्याच्या संगणकीय व्यवस्थेतून होतात. सर्वसामान्य नागरिकासाठी कृत्रिम स्रोतांपासून मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे. शिसे लावलेल्या बंद कपाटाच्या यंत्रात दार उघडताच किरण बंद होतात, त्यामुळे नियमाने चालवलेल्या यंत्राजवळ काम करणाऱ्याला ही मर्यादा ओलांडण्याचे कारण पडत नाही.

तेव्हा योग्य मार्ग म्हणजे परवाना असलेल्या यंत्राच्या चालकाबरोबर काम करणे. सर्किट बोर्ड जोडणाऱ्या कारखान्यांत, धातूच्या ओतकामाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांत आणि काही अभियांत्रिकी संस्थांत अशी यंत्रे असतात. शुल्क भरून तासाच्या हिशेबाने काम करून देणाऱ्या प्रयोगशाळाही असतात. रुग्णालयातील किंवा दातांच्या दवाखान्यातील यंत्र यासाठी मागू नये. ते रुग्णांसाठी परवाना घेतलेले असते, आणि त्याचा बारकावाही आपल्या कामाला पुरत नाही.

नवख्या माणसाची एक शंका येथेच दूर करतो. क्ष-किरणांखाली ठेवल्याने सेल किरणोत्सारी होत नाही. या ऊर्जेचे किरण अणूच्या केंद्रकात बदल घडवत नाहीत, त्यामुळे प्रतिमा घेतलेला सेल पुन्हा घड्याळात घालण्यास हरकत नाही.

सेलची तयारी

फुगलेली, ठेचलेली, गरम लागणारी किंवा गोडसर उग्र वास येणारी लिथियम बॅटरी यंत्रात ठेवू नये, आणि ती पिशवीत घालून लोकलने प्रयोगशाळेत नेण्याचा विचारही करू नये. चांगल्या स्थितीतला लिथियम-आयन सेल नेतानाही त्याचा विद्युतभार (चार्ज) एक तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे साधारण ३.६ ते ३.७ व्होल्ट ठेवावा. काही बिघडलेच तर बाहेर पडणारी ऊर्जा त्यामुळे कमी राहते. दोन्ही टोकांवर विद्युतरोधक चिकटपट्टी लावावी आणि प्रत्येक सेल वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा. सुट्या नाण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या खिशात तो कधीही टाकू नये.

पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत पडून राहिलेल्या अल्कलाइन सेलच्या टोकावर पांढरी खरवड दिसते. ती आतून पाझरलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून बनते आणि कातडीला व डोळ्यांना अपाय करते. असा सेल हातमोजे घालून पुसावा आणि पारदर्शक पिशवीत बंद करूनच यंत्रात ठेवावा. पिशवीचे प्लॅस्टिक प्रतिमेत दिसत नाही. सेल उभा धरण्यासाठी थर्माकोलच्या ठोकळ्यात खोबणी कोरून घेणे हा मला सापडलेला सर्वांत सोयीचा उपाय आहे, कारण थर्माकोल किरणांना जवळजवळ मोकळे सोडते. बाहेरच्या उकाड्यातून आणलेला सेल वातानुकूलित खोलीत अर्धा तास तसाच ठेवावा, म्हणजे प्रतिमा घेताना तो आकसून जागा बदलत नाही.

अंतरांचा हिशेब

क्ष-किरणांना साध्या भिंगाने एकत्र आणता येत नाही, म्हणून अशा यंत्रात प्रतिमा मोठी करण्याचा मार्ग एकच असतो: वस्तू स्रोताजवळ न्यावी आणि किरण टिपणारा संवेदक दूर ठेवावा. स्रोत ते संवेदक हे अंतर स्रोत ते वस्तू या अंतराने भागले की वर्धन मिळते. समजा संवेदक ६०० मिलिमीटरवर आहे आणि सेल १२० मिलिमीटरवर आहे, तर वर्धन ५ पट होते. संवेदकाचा एक बिंदू १०० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल, तर सेलवरचे २० मायक्रॉन एका बिंदूत मावतात. संवेदकाची रुंदी १३० मिलिमीटर असेल, तर सेलवरचा २६ मिलिमीटरचा भाग एका वेळी दिसतो. पेन्सिल सेलचा व्यास १४.५ मिलिमीटर असतो, तो यात आरामात बसतो. पण त्याची लांबी ५०.५ मिलिमीटर असल्याने तो दोन-तीन तुकड्यांत टिपावा लागतो.

स्रोत जवळ नेत राहिले तर बारकावा वाढतच जाईल, असे मात्र नाही. किरण ज्या ठिपक्यातून निघतात त्याला आकार असतो, आणि त्यामुळे कडांना पुसट झालर येते. ठिपका ५ मायक्रॉनचा आणि वर्धन ५ पट असेल, तर झालर ५ गुणिले ४, म्हणजे संवेदकावर २० मायक्रॉन होते. ती १०० मायक्रॉनच्या बिंदूत लपून जाते. वैद्यकीय यंत्रांचा ठिपका मिलिमीटरच्या अंशात मोजला जातो. तेथे हीच झालर मिलिमीटरच्या घरात जाईल, म्हणून ते यंत्र या कामाचे नाही.

दाब, वेळ आणि दोन कोऱ्या प्रतिमा

क्ष-किरण नळीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ठरवताना सेलच्या सर्वांत घट्ट भागातून साधारण दहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतके किरण पलीकडे पोहोचावेत, हे लक्ष्य ठेवावे. सुरुवात करण्यासाठी बटण सेलला व मोबाइलच्या पातळ बॅटरीला ८० ते १०० किलोव्होल्ट, पेन्सिल सेलला १०० ते १३० आणि १८६५० या जाड्या लिथियम सेलला १३० ते १६० हे आकडे मला उपयोगी पडले आहेत. दाब वाढवला की पोलादाचे कवच पारदर्शक होते, पण त्याच वेळी हलक्या पदार्थांमधला फरकही पुसला जातो. म्हणून एकाच सेलच्या दोन वेगवेगळ्या दाबांवर प्रतिमा घेण्याची सवय लावून घ्यावी. या सवयीने माझी एक मोठी चूक कशी टळली, ते पुढे सांगतो.

सेल ठेवण्यापूर्वी दोन प्रतिमा घ्याव्यात, एक किरण बंद ठेवून आणि एक किरण सुरू ठेवून मोकळ्या संवेदकाची. सेलच्या प्रतिमेतून पहिली वजा करून, मोकळ्या प्रतिमेतूनही पहिली वजा करून, एकाला दुसऱ्याने भागले की संवेदकाचे स्वतःचे डाग निघून जातात. हे न करता घेतलेल्या प्रतिमेत सेलमध्ये नसलेले ठिपके ‘दोष’ म्हणून दाखवले जातात, आणि मग त्यावर तासन्‌तास चर्चा होते. एका प्रतिमेऐवजी सोळा प्रतिमांची सरासरी घेतली तर दाणेदारपणा चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि त्यासाठी थांबावे लागणारे अर्धे मिनिट फार महाग नाही.

प्रतिमा वाचताना काळे आणि पांढरे यांचा अर्थ आधी विचारून घ्यावा. दवाखान्यातील फिल्मवर हाड पांढरे दिसते, तर औद्योगिक यंत्रांच्या पडद्यावर बहुधा उलट, म्हणजे घट्ट पदार्थ गडद दिसतो. पुढे मी दुसरी पद्धत धरली आहे.

पहिला अभ्यास पेन्सिल सेलचा

शिकण्यासाठी पेन्सिल सेलसारखा गुरू नाही, कारण एकाच आकारात निदान चार निरनिराळ्या रचना बाजारात मिळतात. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो स्वस्त जस्त-कार्बन सेल घ्यावा. लहानपणी ज्यांनी असा जुना सेल फोडला असेल त्यांना त्यातला काळा मसाला आणि मधली कोळशाची कांडी आठवेल. प्रतिमेत तीच कांडी मधोमध फिकट पट्ट्यासारखी दिसते, कारण कार्बन हा भोवतालच्या मँगनीज डायऑक्साइडच्या मसाल्यापेक्षा किरणांना कमी अडवतो. बाहेरची जस्ताची डबी हीच या सेलचा ऋण इलेक्ट्रोड असते, त्यामुळे वापराबरोबर ती आतून झिजत जाते. नवा आणि संपलेला सेल शेजारी ठेवून एकाच प्रतिमेत घेतला, तर संपलेल्या सेलच्या कडेची गडद रेघ जागोजागी पातळ झालेली आणि कुरतडल्यासारखी दिसते. असे सेल घड्याळात वर्षभर विसरले की पाझरतात ते का, याचे उत्तर त्या रेघेत मिळते.

आता अल्कलाइन सेल पाहावा. येथे सगळे उलटे आहे. बाहेर पोलादाची डबी असून ती धन टोकाला जोडलेली असते, तिला लागून मँगनीज डायऑक्साइडच्या दाबलेल्या कड्या असतात आणि मधल्या पोकळीत जस्ताच्या भुकटीची लापशी भरलेली असते. ऋण टोकाकडून एक पितळी खिळा या लापशीत शिरलेला असतो. प्रतिमेत तो गडद, अणकुचीदार आणि दुसऱ्या टोकाला न पोहोचता मध्येच थांबलेला दिसतो. नीट पाहिले तर कड्यांच्या सांध्यांच्या बारीक आडव्या रेघा, लापशीतले हवेचे बुडबुडे आणि ऋण टोकाजवळ वायूसाठी राखलेली फिकट मोकळी जागाही ओळखता येते. मधला पट्टा फिकट असेल तर जस्त-कार्बन आणि मध्ये गडद खिळा असेल तर अल्कलाइन, एवढ्या एका खुणेवर वेष्टन न वाचताही दोघांत फरक करता येतो.

पुन्हा भारित होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये पट्ट्यांची गुंडाळी असते. बाजूने पाहताना ती उभ्या रेघांच्या दाट ओळींसारखी दिसते आणि टोकाकडून पाहताना सुरळीच्या वडीसारखी. चौथा प्रकार यूएसबी तारेने भारित होणाऱ्या दीड व्होल्टच्या सेलचा असतो. त्याच्या आत लहानसा लिथियम-आयन सेल आणि त्याचा दाब दीड व्होल्टवर आणणारा छोटा सर्किट बोर्ड बसवलेला असतो. त्या बोर्डावरची वेटोळी, चिप आणि डाखाचे ठिपके पाहून विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. जोडीला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी ठेवावी. तिच्यात दीड व्होल्टचे सहा लहान सेल एकतर बारीक नळ्यांसारखे उभे असतात किंवा वड्यांसारखे एकावर एक रचलेले असतात.

वेष्टन आणि सावली यांत विसंगती असेल तेव्हा

काही वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडच्या पदपथावरून मी विजेरीसाठी १८६५० आकाराचा एक सेल घेतला. त्यावर ९९०० मिलिॲम्पिअर-तास असा आकडा छापलेला होता. हा आकार १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो, आणि त्यात चांगल्या कंपन्यांनाही ३५०० च्या आसपासच क्षमता बसवता येते, त्यामुळे कुठेतरी पाणी मुरत असल्याचा संशय होताच. खरा सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा भरतो, हा ३० ग्रॅमही भरला नाही. १४० किलोव्होल्टवर घेतलेल्या पहिल्या प्रतिमेत डबीच्या मध्यभागी जेमतेम १० मिलिमीटर जाडीची एक गुंडाळी आणि तिच्याभोवती रिकामी जागा दिसली. आत लहान सेल दडवला असून बाकी डबी रिकामी आहे, असे मी टिपूनही ठेवले होते. सवयीप्रमाणे दुसरी प्रतिमा ८० किलोव्होल्टवर घेतली, तेव्हा त्या ‘रिकाम्या’ जागेत दाणेदार करडी छटा उमटली, आणि वरच्या बाजूस तिची आडवी पातळी दिसू लागली. सेल उलटा करून, टिचकी मारून पुन्हा प्रतिमा घेतली. पातळी दुसऱ्या टोकाकडे सरकली होती. म्हणजे वजन भासवण्यासाठी आत एखादी हलकी, सैल भुकटी भरलेली होती. ती कशाची होती हे पाहण्यासाठी सेल कापण्याचा मोह मी आवरला, आणि वाचकांनीही तो आवरावा. भारित लिथियम सेल कापताना इलेक्ट्रोड एकमेकांना टेकले तर आग लागते आणि विषारी वायू सुटतात.

अस्सल १८६५० सेलमध्ये वरच्या टोकाला टोपी, तिच्याखाली आतल्या वायूचा दाब वाढल्यास फुटणारी सुरक्षा-झडप, मग डबीला पाडलेली वर्तुळाकार खोबण आणि तिच्याखाली इलेक्ट्रोडांची घट्ट गुंडाळी असा क्रम दिसतो. सर्वांत बारकाईने पाहण्याची जागा गुंडाळीची वरची व खालची कड आहे. ऋण इलेक्ट्रोडची पट्टी धन इलेक्ट्रोडच्या पट्टीपेक्षा प्रत्येक फेऱ्यात थोडी, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर, बाहेर आलेली असावी लागते. ती आत राहिली, तर भारित करताना धन इलेक्ट्रोडकडून आलेल्या लिथियमला सामावून घेणारे ग्राफाइट समोर नसते. मग लिथियम कडेवर धातूच्या रूपात साठू लागते आणि पुढे शॉर्ट सर्किट होऊ शकते. प्रतिमेत गडद रेघांच्या मधून बाहेर आलेली फिकट टोके मोजून ही तपासणी होते, आणि कारखान्यांत क्ष-किरणांचा वापर मुख्यतः याचसाठी केला जातो.

बटण सेलबद्दल

सीआर २०३२ या नावातच त्याचे माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. कडेवर उभा करून घेतलेल्या प्रतिमेत पोलादी कवचाच्या आत मँगनीज डायऑक्साइडची गडद वडी आणि तिच्यावर जणू मोकळी वाटावी अशी फिकट पट्टी दिसते. ती पट्टी लिथियमची चकती असते. समोरून पाहिल्यास कडेजवळ एकात एक अशी दोन वर्तुळे दिसतात, कारण वरची झाकणी आणि खालची वाटी यांचे व्यास वेगळे असतात.

ही दोन वर्तुळे नीट पाहून ठेवावीत, असे मी प्रत्येकाला सांगतो. लहान मुलाने काहीतरी गोल गिळल्यावर काढलेल्या एक्स-रेमध्ये नाणे एकसंध दिसते, तर बटण सेलच्या कडेला हेच दुहेरी वर्तुळ दिसते, आणि डॉक्टर त्यावरूनच दोघांत भेद करतात. अन्ननलिकेत अडकलेल्या सेलमधून वीज वाहू लागली की त्या जागी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतच गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, वाट पाहू नये, तसाच दुसरा सेल किंवा त्याचे पाकीट बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

सावलीकडून छेदाकडे

एका दिशेच्या प्रतिमेत गुंडाळीचे सगळे फेरे एकमेकांवर पडतात. ते सुटे करण्यासाठी सेल गोल फिरवत अनेक प्रतिमा घ्याव्या लागतात आणि त्यांतून संगणकाने छेद रचावे लागतात. रुग्णालयातील सीटी स्कॅनमागे हेच तत्त्व आहे, आणि त्यासाठी हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संवेदकाच्या रुंदीत जितके बिंदू असतील त्याच्या दीडपटीहून थोड्या अधिक प्रतिमा लागतात. आपल्या उदाहरणात रुंदीत १३०० बिंदू आहेत, म्हणजे सुमारे २००० प्रतिमा. प्रत्येकी एक सेकंद धरला तर अर्ध्या तासाहून थोडे अधिक, आणि चार-चारांची सरासरी घेतली तर दोन तासांहून अधिक वेळ लागतो. एवढा वेळ सेल केसभरही हलता कामा नये.

छेदांत दोन आभास हमखास भेटतात. पोलादी कवचातून जाताना कमी ऊर्जेचे किरण आधीच गळतात, त्यामुळे सेलचा मध्य नसलेल्या कारणाने फिकट दिसतो. स्रोतापुढे तांब्याचा पातळ पत्रा लावून हा परिणाम कमी करता येतो. दुसरा आभास एककेंद्री कड्यांचा असतो. तो संवेदकाच्या बिघडलेल्या बिंदूंमुळे येतो आणि नेमका सेलच्या गुंडाळीसारखाच भासतो, म्हणून फार फसवा असतो. कड्या फिरकीच्या अक्षाभोवती असतील आणि सेलच्या मध्याभोवती नसतील, तर त्या आभासी समजाव्यात. हा फरक दिसावा यासाठी मी सेल मुद्दाम अक्षापासून दोन-तीन मिलिमीटर बाजूला ठेवतो.

जुन्या सेलच्या छेदात गुंडाळीचे आतले फेरे मधल्या पोकळीत वाकून शिरलेले दिसले, तर वारंवार भारित होताना इलेक्ट्रोड फुगले आणि त्यांना तेवढीच जागा मोकळी होती, असा त्याचा अर्थ असतो. पण २० मायक्रॉनच्या छेदातून किती सांगावे यालाही मर्यादा आहे. दोन्ही बाजूंनी लेप दिलेला इलेक्ट्रोड दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतो, तो सात-आठ बिंदूंत उमटतो. तांब्याची पट्टी १० मायक्रॉनच्या आसपास असते, ती अर्ध्या बिंदूची धनी. विभाजक पडदा तर पातळही असतो आणि पारदर्शकही. अशा प्रतिमेवरून ‘पडदा फाटला आहे’ असे कोणी लिहून दिले तर ते स्वीकारू नये. लिथियम आणि हायड्रोजनयुक्त द्रव पाहायचे असतील तर न्यूट्रॉनांकडे वळावे लागते, कारण न्यूट्रॉन हलक्या मूलद्रव्यांना चांगले ओळखतात. ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टीवर तशा प्रतिमांकनाची सोय आहे, पण ते काम संशोधन संस्थांच्या पातळीवरचे आहे.

प्रत्येक प्रतिमेबरोबर सेलचा प्रकार, वजन, मोजलेला व्होल्टेज, नळीचा दाब व प्रवाह, दोन्ही अंतरे, सरासरीची संख्या आणि सेलचे कोणते टोक वर होते, हे त्याच वेळी लिहून ठेवावे. काम संपलेले आणि संशयास्पद ठरलेले सेल टोकांवर चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात ठेवावेत आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार घरगुती बॅटऱ्याही नेहमीच्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. ती भुकटी भरलेला माझा सेल मात्र मी त्यातली वीज पूर्ण संपवून, चिकटपट्टी लावून, त्याच्या तिन्ही प्रतिमांसह शिकवण्यासाठी जपून ठेवला आहे.